त्यांना आठवलं तर

नको, आत्ता नका उठवू त्यांना — आत्ताच कुठे डोळा लागलाय, पायांच्या मुंग्यांनी बेजार झाले होते सकाळपासून. बसा ना, सिस्टर. अशा दारात उभ्या राहिलात तर मलाही बसता येत नाही. ती पेटी मांडीवरून खाली ठेवा, कोणी पळवून नेत नाही — हां, तिथे स्टुलावर, ते दात जरा बाजूला सरकवा. घाबरू नका, चावत नाहीत. यांचा धंदाच तो, कवळ्या बनवायचा, आख्ख्या घरात दात आहेत, साखरेच्या डब्यामागेसुद्धा एक वरचा जबडा सापडेल. लेक लहान असताना मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडे भिंतीसुद्धा हसतात — चहा टाकू? अर्धा कप? घड्याळ काय बघता, तुम्हाला पुढच्या पेशंटकडे जायचंय, कळतंय मला, पण म्हाताऱ्या माणसाला झोपेतून उठवून सुई टोचायची म्हणजे — मागच्या मंगळवारी? हो, येऊन गेलात ना तुम्ही. शेजारची म्हणाली. आम्ही नव्हतो घरी. लेकीकडे गेलो होतो. — जिना? उतरले की. कठडा धरून, हळूहळू, मी पुढे आणि ते मागे. — हो, खोकले. झोपेत खोकतात माणसं, सिस्टर.

खंड पडता कामा नये, माहितीये मला. मला नका सांगू. मेंदूच्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलंय, बी-ट्वेल्व्ह नाही मिळालं की नसांवरचं वेष्टण उतरायला लागतं, वायरीवरचं उतरतं तसं, मग आतला निरोप मधेच कुठेतरी गळतो. तर हे काय म्हणाले असतील? म्हणाले, म्हणजे माझ्या मेंदूच्या हिरड्या उतरल्या म्हणा की! एवढं आजारी माणूस, धड सही करता येत नव्हती, आणि जोक कसला, तर हिरड्यांचा. डॉक्टरबाई इतक्या हसल्या. आणि मग हसू आवरून मला म्हणाल्या, वेळेत आलात, अजून उशीर केला असतात तर जे गेलं ते परत आणता आलं नसतं. औषध आता अर्ध्यावर सोडू नका. काय छान लाल रंग असतो हो त्या औषधाचा. सरबतासारखा. एवढ्याशा लाल पाण्यात माणसाचं सगळं — सगळं परत येतं म्हणजे बघा.

सुरुवात? सुरुवात बोटांपासून झाली. मेण हातात धरलं की गरम की गार ते कळेना. आता कवळीचं काम म्हणजे सगळा मेणाचाच खेळ, आधी मेणात दात बसवायचे, मग पुढचं. मग चप्पल. रस्त्यात पायातली चप्पल निसटली तर यांना पत्ताच नाही, एका पायाने अनवाणी चालत गेले दुकानापर्यंत, दुकानदाराने खाली बघितलं तेव्हा समजलं. जीभ लालभडक, गुळगुळीत, कशाला चव म्हणून नाही. आणि मग विसरणं. एकाच बाईची खालची कवळी दोनदा बनवली. एकदा तर दाढा पुढे आणि पुढचे दात मागे! दातांचे डॉक्टर खवळले, पंचवीस-तीस वर्षं यांच्याकडून काम करून घेणारे डॉक्टर, म्हणाले, मस्करी करता का? मला हे सगळं मागाहून कळलं. तिथे असते तर लगेच कळलं असतं, मी कधीच ओढत नेलं असतं डॉक्टरकडे, पण मी तिथे — तिथे म्हणजे लॅबवर हो. लॅब म्हणजे काय, एक खोली, टेबल, भट्टी आणि खाट. — खाट असते. दुपारी पाठ टेकायला.

असं बघू नका, सिस्टर. तुम्ही बोलत नाही, पण तुमचे डोळे फार बोलतात. बरं, ऐका. तुम्हाला सांगून काय बिघडतंय, तुम्ही घरोघरी जाता, असलं छप्पन ऐकत असाल. खाटेवर ते झोपायचे. दुपारीच नाही. तिथेच राहायचे. लेकीचं लग्न झालं, पाहुणे गेले, मी भाड्याने आणलेल्या खुर्च्या मोजून परत पाठवत होते, आणि हे आले आणि म्हणाले, मला आता तुझ्याबरोबर राहायचं नाही. अशा आवाजात, जसं माणूस म्हणतं, आज जेवायला नको. मी म्हटलं, काय झालं? काही नाही. कोणी आहे का? नाही. माझ्यावर राग आहे? राग कसला. बस्स. एक बॅग भरली आणि गेले लॅबवर. अहो, भांडले असते ना, ताटबीट फेकलं असतं, तर मी चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. हे असलं शांत — ह्याचं काय करायचं माणसाने? रोज भांडी घासताना तेच डोक्यात. काय केलं मी? कुठे चुकले? कारण असणारच ना काहीतरी. पण ते फक्त त्यांच्या डोक्यात.

लेकीला? छे. लेकीला आजतागायत माहीत नाही. नवीन संसार तिचा, तिला कुठे हे दळण सांगायचं. फोन आला की मी म्हणायची, अगं आत्ताच बाहेर पडले बघ. आणि तिने लॅबवर केला की हेही म्हणायचे, आई बरी आहे. दोघांनी मिळून इतकं चोख नाटक आयुष्यात दुसरं केलं नसेल आम्ही. शेजारचीला तेवढं माहीत. भिंत पातळ आहे.

तर असं जवळजवळ वर्ष गेलं. आणि एक दिवस संध्याकाळी — मी भाजी चिरत होते — दार ढकललं, आत आले, शर्ट खुंटीला लावला, त्यांच्याच खुंटीला, आणि म्हणाले, काय साहेब, जेवायला मिळेल का? साहेब! लग्नानंतर पहिली काही वर्षं मला साहेब म्हणायचे ते, मी घरात हुकूम सोडते म्हणून. किती वर्षांनी ऐकलं मी ते. तुम्हाला सांगते, सिस्टर, माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मी काही विचारलं नाही. म्हटलं, आले ना? पुरे. नाक मुठीत धरून आले असतील, आता त्यात काडी कशाला घालायची. ताट वाढलं. मीठ, मीठ, परत मीठ, चव लागत नव्हती ना — पण मला काय माहीत, मला वाटलं, वर्षभर चहा-बिस्किटांवर काढलेल्या माणसाला घरचं जेवण आठवतंय. किती खूश होते मी. शेजारचीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलत होते.

जेवण झालं, हात पुसले आणि म्हणाले, पोरगी अजून शाळेतून कशी आली नाही?

हो. तसंच. मीही अशीच बसले होते, तोंड उघडं टाकून.

ते परत आले नव्हते, सिस्टर. ते गेले होते हेच विसरले होते.

थांबा ना! पेटी कशाला उचलता — ऐकताय तर पुरतं ऐका. आतला आवाज? कानस. कानशीने घासताहेत काहीतरी. हो, जागे आहेत. बरं, खोटं बोलले मी, डोळाबिळा लागला नाहीये त्यांचा, जागेच आहेत सकाळपासून. पण दोन मिनिटं. तुम्हाला माझं ऐकावं लागेल, कारण मागच्या मंगळवारचं — ते सांगते, क्रमाने सांगू द्या.

लेकीला बोलावलं मी. म्हटलं, बाबा विसरायला लागलेत. आली धावत. मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी काय काय विचारलं, आज वार कोणता, हे चित्र काढा, शंभरातून सात सात वजा करत जा. यांचं काही जमेना. लेक रडायला लागली, तिच्या सासऱ्यांना तो म्हातारपणचा विसरायचा आजार होता, त्यात शेवटी ते कोणालाच ओळखत नव्हते, तिने सगळं जवळून बघितलेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, जेवण कसं असतं? मी लेकीकडे बघितलं आणि म्हटलं, घरचंच. अंडी, दूध, मासे, सगळं खातात. गोळ्या कुठल्या? म्हटलं, काही नाही. डॉक्टरबाई लिहीत होत्या, आणि त्यांचा चेहरा — म्हणजे त्या त्याच वाटेने निघाल्या होत्या, लेकीच्या सासऱ्यांच्या. मला दिसत होतं ते. एक शब्द बोलले तर लेकीसमोर माझ्या संसाराची लक्तरं, नाही बोलले तर हे गेले. बाहेर आलो, लेकीला म्हटलं, तू बाबांना घेऊन लिफ्टकडे हो, माझी छत्री राहिली. आणि परत आत शिरले, मधे दुसरा पेशंट बसला होता त्याच्यासमोरच सांगितलं. म्हटलं, डॉक्टर, मी खोटं बोलले. हे वर्षभर माझ्याकडे नव्हते. एकटे राहत होते, चहात बुडवलेल्या टोस्टवर जगत होते, आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं रोज खातात, चण्या-फुटाण्यासारख्या, कोणाला न विचारता. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बसा. तो दुसरा पेशंट बिचारा उठून उभा राहिला मला खुर्ची द्यायला.

मग रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. म्हणाल्या, त्या गोळ्यांनी बरीच वर्षं ते अंगात शिरूच दिलं नाही, साठा कमी होत होता, आणि ह्या शेवटच्या वर्षाने तळ गाठला. हा तो आजार नाही, हा भरून निघू शकतो. लेक माझ्या गळ्यात पडली. मीही रडले. मी कशासाठी रडले ते मात्र — जाऊ दे.

जाऊ दे कसं? तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही आलात, सुया सुरू झाल्या. आधी रोज, मग आठवड्याला. मी अंडी उकडते, दूध देते, त्या गोळ्या डॉक्टरबाईंनी बंद करून दुसरं औषध दिलं. पहिल्यांदा जीभ सुधारली. मग एक दिवस म्हणाले, आमटी खारट झालीय. मी आनंदाने नाचायची बाकी होते. मग लेकीचं लग्न आठवलं. जावयाचं नाव आठवलं. दातांच्या डॉक्टरांचं राहिलेलं काम आठवलं, फोन करून माफी मागितली. लेक फोनवर म्हणते, आई, बाबा परत आले! आणि मी इथे — मी प्रत्येक मंगळवारी बघायची, सिस्टर. तुम्ही सुई टोचून गेलात की मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची, आज काय आठवलं? कुठपर्यंत आले? लग्नापर्यंत आले. पाहुणे गेले तिथपर्यंत आले. आता खुर्च्या. आता पुढे तो आवाज. साहेब म्हणायचे ना, ते मधेच कधीतरी बंद झालं. चहा दिला की थँक्यू म्हणायला लागले. नवऱ्याने बायकोला थँक्यू म्हणायला लागलं की समजावं माणसाने.

तुम्ही सांगा, काय चुकत होतं माझं? एक मंगळवार. एकच. बेल वाजली आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. घरातच होतो आम्ही. तुम्ही परत वाजवलीत. मग दार ठोकलंत. मग तुमच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मी मोजून श्वास सोडला. मला वाटलं, इथेच थांबावं सगळ्याने. एवढंच आठवावं, ह्याच्या पुढे नको. नाव-गाव, लेक, काम, मी. पुरे नाही का माणसाला तेवढं?

बोलू नका काही. मला जे बोलायचं ते मी स्वतःला बोलून घेतलंय. काल दुपारी हे मेण तापवत होते इथेच टेबलावर, स्पिरिटच्या दिव्यावर. मी कपडे वाळत घालत होते. वास आला. मेणाचा नाही, वेगळा. धावत आले तर यांचं बोट ज्योतीत. ज्योतीत, सिस्टर, आणि हे खिडकीबाहेर बघताहेत. मी हात ओढला तर माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, अगं दुखत नाही. दुखत नाही! कातडी सोललीय आणि म्हणे दुखत नाही. मी तशीच खाली गेले आणि डॉक्टरबाईंना फोन केला, विचारलं, समजा, समजा हं, एखादं इंजेक्शन चुकलं तर? त्या म्हणाल्या, एखाद्याने आभाळ कोसळत नाही, पण नसा किती दिवस वाट बघतील हे मी सांगू शकत नाही. का, चुकलं का? म्हटलं, नाही नाही, सहज. बोट चुकलेल्या इंजेक्शनाने भाजलं नाही, ते मलाही कळतं. पण मी रात्रभर — जाऊ दे रात्रीचं. आज सकाळी पट्टी बदलत होते, तर मला म्हणाले — मान खाली घालून, पट्टीकडे बघत — मी इथे राहत नव्हतो ना गं मधे?

मी म्हटलं, भलतंच काय, कुठे राहणार होतात मग? त्यांनी मान वर केली. आणि म्हणाले, बरं. आणि मग म्हणाले, आज सिस्टर येतील. आज दार उघड त्यांना.

म्हणजे ऐकली होती बेल त्यांनी. ठोकलेलं ऐकलं, सगळं ऐकलं, आणि आठवडाभर एका शब्दाने बोलले नाहीत. आणि तेव्हा उठलेही नाहीत दार उघडायला. का नाही उठले? पाय साथ देत नाहीत म्हणून? का त्यांनाही वाटलं असेल की — मला नाही समजत हो. मला ह्या माणसाचं कधीच काही समजलं नाही.

उठा. उठा, सिस्टर, उचला पेटी. हात धुवायचेत ना, साबण तिथे नळापाशी, नॅपकिन धुतलेला आहे. सरळ आत जा, उजवीकडे, टेबलापाशीच असतील. दंडावर द्या ह्या वेळी, मागच्या खेपेला कमरेत गाठ आली होती. आणि ते बोट बघा. मी नाही येत आत. दार लोटून घ्या.

झालं? लवकर झालं. दुखलं म्हणाले? दुखलं म्हणाले! बरं झालं. दुखू दे. आणि बोट? चिघळलं नाही ना — मलम, हो, दोनदा, लावते. आणखी काय? काहीतरी आहे. पेटी बंद करताना माझ्याकडे बघत नाहीयात तुम्ही. काय म्हणाले? सांगा, मी काही काचेची नाहीये.

पुढच्या मंगळवारी लॅबवर या म्हणाले.

ह्याच शब्दांत? आवाज कसा होता? चिडका? नाही. शांत ना. हं. तोच आवाज तो, सिस्टर. आला परत. पत्ता सांगितला का? वळणाची खूण, मजला, सगळं? बरोबर सांगितलं? म्हणजे कुठेच काही गळलं नाही. म्हणजे वाचलं की डोकं त्यांचं. तुमच्या हाताला यश आहे हो — नाही, रडत नाहीये, बसू नका, तुम्हाला उशीर झालाय माझ्यामुळे. ऐका मात्र. तिथला जिना अरुंद आहे, उभा, आणि अंधारा. त्यांना तुम्हाला घ्यायला खाली उतरू देऊ नका, त्यांना खोड आहे ती, पायरी कळत नाही अजून पायाला. टेबलाच्या खणात त्या जुन्या गोळ्या असतील, आधी त्या काढून घ्या. मी डबा पाठवीन, शेजारचीचा भाऊ त्याच बाजूला जातो कामाला, अंडी आणि दूध असेल त्यात — खातात का ते बघा, नुसतं हो हो म्हणतील, रिकामा डबा दाखवा म्हणावं. आणि एखाद्या मंगळवारी दार उघडलं नाही तर परत फिरू नका. खालच्या दुकानदाराकडे दुसरी किल्ली आहे.

कारण — काही बोलले? नाही. तुम्हाला कशाला सांगतील. आणि मला तरी कुठे सांगितलं. पण तेव्हा मी पहिल्या ‘बस्स’वर गप्प बसले, आणि मधे विचारून उपयोग नव्हता, त्यांनाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. आता त्यांना सगळं आठवतंय, आणि अजून ते माझ्या घरात आहेत, बॅग भरायचीय अजून.

निघा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना, कडी नीट लागत नाही त्याची, जोरात ओढा.

अहो — ती कानस ठेवा खाली. मी आत येतेय.